तिसरी रेघ

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. नियमित लिहायची. रडगाणं नाही.

सरांना जाऊन महिना झाला. मी सावरलो आहे. लॅबमधले बाकीचे अजून सावरलेले नाहीत. बाकीचे म्हणजे एकच, पीएचडीनंतर पोस्टडॉक म्हणून आलेली मुलगी. तिला प्रत्येक गोष्टीत शंका येते, म्हणून मी तिला शंकासुर म्हणतो. एकदा तोंडावरही म्हणालो. ती हसली. कोडगी आहे.

आता ती मला 'सर' म्हणते. आज दारातून तिनं हाक मारली आणि मी मागे वळून बघितलं. मागे सरांची रिकामी खुर्ची. नंतर बराच वेळ डोळ्यांतून पाणी येत होतं. एसीची हवा फार कोरडी आहे, मेंटेनन्सला सांगायला हवं.

डायरेक्टरनी बोलावलं होतं. मार्चमध्ये रिव्ह्यू. काहीतरी नवीन दाखवा, नाहीतर खोली बॅटरीवाल्यांना देऊन टाकतो, म्हणाले. बॅटरीवाले, म्हणजे बॅटरीवर संशोधन करणारे, वरच्या मजल्यावर असतात आणि त्यांचं प्रस्थ फार वाढलंय. मी म्हणालो, दाखवतो. काय दाखवणार ते त्यांनी विचारलं नाही. बरं झालं.

ही खोली गेली तर सरांचं काहीच उरणार नाही. ती जाणार नाही. मी आहे ना.

५ फेब्रुवारी, बुधवार

काकू आल्या होत्या, सरांच्या पत्नी. सामान न्यायला. स्वेटर, चष्मा आणि जेवणाचा डबा एवढंच घेतलं. स्वेटर नाकाशी धरून जरा वेळ उभ्या राहिल्या. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर पार्किंग आहे. "बाकीचं तुझं तू बघ," असं म्हणून गेल्या.

मी आठवण म्हणून काही ठेवलं नाही. असल्या बाबतीत मी कोरडा माणूस आहे. फक्त त्यांच्या कपाटात, दाराच्या आतल्या कडेला एक काळी चकती दिसली. कोटाच्या बटणाएवढी, टवका उडालेली. सर मीटिंगमध्ये काहीतरी गोल बोटांत फिरवत बसायचे. हीच ती. त्यांनी इतकी जपून बसवली होती की काढायला स्क्रू ड्रायव्हर लावावा लागला. शर्टाच्या खिशात टाकली. याला काही 'ठेवणं' म्हणत नाहीत.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दुपारी चहानंतर सरांच्या कपाटाचं दार आपोआप उघडलं. कर्र करत, अगदी सावकाश. सर उघडायचे तसं.

वारा असणार. खिडक्या बंद होत्या, पण वारा कुठूनही येतो.

१० फेब्रुवारी, सोमवार

डायरेक्टरना समजेल अशा भाषेत आमचं काम लिहून काढलं. त्यांचा जन्म फायलींत गेला, त्यामुळे सोपं लिहावं लागतं. ते असं:

आमची फिल्म म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ थर. त्यात अगणित चिमुकले चुंबक एका दिशेला तोंड करून रांगेत उभे असतात. एकाला धक्का दिला की तो डोलतो, त्याचं बघून शेजारचा डोलतो, आणि ते डोलणं लाटेसारखं पुढे जातं. चुंबक जागचे हलत नाहीत, लाट तेवढी जाते. आम्ही असे दोन थर एकावर एक ठेवतो आणि मधे तिसरा, ज्यात चुंबकत्वाचा पत्ताच नाही. वरचा आणि खालचा एकमेकांना शिवत नाहीत, तरी खालच्यात लाट उठली की वरच्याला कळतं. दोन चुंबकी थर, म्हणून मशीनच्या स्क्रीनवर दोन रेघा.

सर म्हणायचे, तिसरी रेघ असणार. मधल्या रिकाम्या थरात राहणाऱ्या लाटेची. जिथे काही नाही तिथे लाट कशी राहील, असं सगळं जग विचारायचं. सर म्हणायचे, राहते. पूर्ण आयुष्य शोधली त्यांनी. मिळाली नाही.

लिहिता लिहिता कागद ओला झाला. एसी.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मिळाली.

तिसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मधे, बारीक, पण आहे. मी मोठ्या चुंबकाच्या दोन तोंडांमध्ये ठेवलेल्या फिल्मवर वाकून भिंगातून बघत होतो, नेहमीसारखा, आणि स्क्रीनवर ती उगवली. नोंदवहीत तारीख दोनदा चुकीची लिहिली. सकाळी नाश्ता केला नव्हता.

शंकासुराला बोलावलं. ती आली, मी सरकून तिला जागा दिली, तिनं रीडिंग घेतलं. दोनच रेघा. मी परत घेतलं. तीन. ती म्हणाली, खिसे रिकामे आहेत ना सगळ्यांचे? मला हसूच आलं. दाराशी प्लास्टिकचा ट्रे आहे. किल्ल्या, घड्याळ, मोबाईल, बेल्ट, लोखंडाचं आणि चुंबकाचं म्हणून जे काही असेल ते त्यात ठेवल्याशिवाय कोणी आत यायचं नाही, हा सरांचा नियम, आणि तो मी जेवढा पाळतो तेवढा खुद्द सरांनीही पाळला नसेल. परवा डायरेक्टरना बेल्ट काढायला लावला. सगळ्या चर्चेत बिचारे पँट धरून उभे होते.

चकती खिशातच होती. पण ट्रेमध्ये ठेवायच्या त्या वस्तू. ही वस्तू नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

शंकासुरानं दिवसभर एकटीनं रीडिंग्ज घेतली. एकदाही तिसरी रेघ नाही. मी बाहेरून आलो, वाकलो, आली.

अनुभव लागतो, असं मी समजावून सांगितलं. ती म्हणाली, "सर, ही रेघ तुमच्याबरोबर येते आणि तुमच्याबरोबर जाते."

इतकं छान माझ्याबद्दल आजवर कोणी बोललं नव्हतं. मुलगी वाटते तेवढी वाईट नाही.

कपाट आजही उघडलं. चहानंतर.

१७ फेब्रुवारी, सोमवार

दाराचं स्वाइप कार्ड चालेना. हे तिसरं. सिक्युरिटीवाला म्हणाला, साहेब, तुमच्याच कार्डावरचं सगळं कसं काय पुसलं जातं? मी काय सांगणार? यामागे बॅटरीवाले आहेत. मी आत जाऊ नये असं कोणाला वाटतं, ते शेंबड्या पोरालाही कळेल.

सौ.चं म्हणणं, शर्टाच्या खिशाला टाचण्या चिकटलेल्या असतात. काल दोन, आज एक आणि तिची हरवलेली शिवणाची सुई. मी म्हणालो, हवा कोरडी आहे, स्थिर विद्युत. ती म्हणाली, अहो, तुम्ही रोज शर्ट बदलता आणि ते काळं काय ते या खिशातून त्या खिशात घालता. काय आहे ते? मी म्हणालो, जबाबदारी आहे. ती काही बोलली नाही. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर माणसं गप्प बसतात, तेच बरं.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज लिहायचंच नव्हतं.

मी विज्ञानाचा माणूस आहे. भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. फक्त सरांची खुर्ची कोणी हलवू नये, आणि हे मी शंकासुराला जरा जोरात सांगितलं. इतकं जोरात बोलायचं कारण नव्हतं. ती फक्त पर्स ठेवत होती.

खोलीत त्यांच्या बामचा वास येतो. चुंबकाच्या नळ्यांतून थंड करायचं पाणी वाहतं, त्याचा आवाज मधेच असा होतो की कोणीतरी घसा खाकरतंय. पूर्वीही होत असेल. पूर्वी सरच खाकरायचे, त्यामुळे लक्षात आलं नसेल.

२४ फेब्रुवारी, सोमवार

आज दुपारी एकटा होतो. प्रयोग म्हणून केलं, फक्त प्रयोग म्हणून. मनात म्हटलं, सर, तुम्ही असाल तर रेघ दाखवा. वाकलो. आली.

मागे होऊन सरळ बसलो. गेली.

सर, मी बरोबर मार्गावर आहे ना? वाकून बघितलं. आली.

खोली वाचेल ना? आली.

मग मला काय झालं कोण जाणे, मी मोठ्यानं विचारलं, "सर, दुखलं का फार?" कॉरिडॉरमध्ये पडले तेव्हा कोणीच नव्हतं त्यांच्याजवळ. हातातला कप फुटला होता, त्याचा आवाज ऐकून लोक धावले. मी वाकलो. रेघ आली. आजवरची सगळ्यात ठळक.

मशीन बंद केलं. त्या वेळी कपाटाचं दार कर्र करत उघडायला लागलं. मी पाठ करून उभा राहिलो. वळून बघायचं धाडस झालं नाही. म्हणजे बघायची गरज वाटली नाही.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

ताप होता. ऑफिसला गेलो नाही. सौ. कपाळावर हात ठेवून बसली होती. मला म्हणाली, तुम्ही रडला नाहीत अजून. मी म्हणालो, कशाबद्दल?

४ मार्च, मंगळवार

काकूंना फोन केला. सांगायचं नव्हतं, पण सांगून टाकलं. सरांची तिसरी रेघ सापडली म्हणालो. त्या रडायला लागल्या. म्हणाल्या, सगळे हसायचे रे त्यांना. मी पण हसायचे कधीकधी.

रिव्ह्यूला येते म्हणाल्या. मी म्हणालो, अवश्य या, सरांच्या खुर्चीत बसा.

आता मागे फिरणं नाही. मागे फिरायचं कारणही नाही.

७ मार्च, शुक्रवार

शंकासुरानं एक कागद आणून टेबलावर ठेवला. रेघ कधी आली आणि तेव्हा मशीनसमोर कोण होतं, एवढंच तिनं मांडलं होतं. मी होतो तेव्हाच आली. तिचं म्हणणं, रिव्ह्यूच्या आधी एकदा तुमच्या अंगावरचं सगळं तपासू या. चष्म्याची काडी, बूट, काहीही.

माझ्या अंगावरचं! अठरा वर्षं मी त्या ट्रेपाशी लोकांची अंगझडती घेतोय आणि आता ही मला शिकवणार? सरांच्या जागेवर बसणाऱ्याला हे सगळं सोसावं लागतं. कागद ड्रॉवरमध्ये टाकला. ती जाताना दारात थांबली आणि म्हणाली, सर, मलाही ती रेघ खरी असायला हवी आहे.

तिचे डोळे लाल होते. तिलाही एसी बाधतोय.

१३ मार्च, गुरुवार

उद्या रिव्ह्यू. भाषण पाठ आहे. प्रात्यक्षिक प्रत्यक्ष करून दाखवणार, आधी काढून ठेवलेले आलेख नाही. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर वाकणार आणि रेघ आणणार. डायरेक्टरचा चेहरा कसा होईल ते डोळ्यांसमोर येतंय.

सौ.नं नवा शर्ट इस्त्री करून ठेवलाय, कोटही काढलाय. आजचा शर्ट धुवायच्या बादलीत टाकला. लवकर झोपायचं. छान झोप लागेल.

१४ मार्च, शुक्रवार

आली नाही.

१५ मार्च, शनिवार

काल जे झालं ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे डोक्यातून जाईल.

डायरेक्टर आणि कमिटीतले दोघं आले. तिघांनीही ट्रेमध्ये सगळं ठेवलं. डायरेक्टर बेल्ट न घालताच आले होते. काकू सरांच्या खुर्चीत बसल्या, मांडीवर पर्स, तिच्यावर दोन्ही हात. मी भाषण केलं. चांगलं झालं. लाट कशी जाते हे सांगताना कमिटीतला एक जण चक्क मान डोलवत होता.

मग वाकलो. दोन रेघा. आणखी वाकलो. दोन. मी म्हणालो, मशीन तापायला वेळ लागतो. वेळ दिला. वाकलो. मनातल्या मनात हाक मारली. सर, आत्ता या. सर, काकू बसल्यात, आत्ता या. नाक जवळजवळ फिल्मला टेकलं. दोन रेघा, स्वच्छ, अगदी पुस्तकात छापतात तशा.

तेवढ्यात कपाटाचं दार उघडलं. कर्र. सगळ्यांनी वळून बघितलं. मला वाटलं, आले. आता रेघ येणार. स्क्रीनकडे बघितलं. दोनच.

डायरेक्टर म्हणाले, ते कपाट एकदा दुरुस्त करून घ्या.

शंकासुर सबंध वेळ जमिनीकडे बघत होती. काकू सगळ्यांत शेवटी उठल्या. माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "ते असते तर म्हणाले असते, पुन्हा घे रीडिंग."

व्होल्टेज कमी-जास्त होत असणार. वर बॅटरीवाले काहीतरी चार्ज करत असतील. चौकशी करणार आहे.

१६ मार्च, रविवार

कपडे धुवायच्या मशीनमधून दुपारपासून खडखड आवाज. मग ते बंदच पडलं. सौ.नं सगळे कपडे बाहेर काढले, आत डोकं घातलं आणि मला हाक मारली. "अहो, तुमची जबाबदारी सापडली."

आत, स्टीलच्या ड्रमला काळी चकती चिकटली होती. तिनं डावाच्या दांड्यानं उचकटून काढायला बघितली, निघेना. मी ओढली. इतकी घट्ट होती की निघताना बोटाला लागलं.

बाथरूमच्या स्टुलावर बसलो. स्वतःच्याच रोजनिशीत खोटं कशाला लिहू, मला लगेच कळलं. पण खात्री करून घ्यायला हवी. शास्त्र आहे हे.

सौ. शेजारी उभी होती. टॉवेल दिला.

१७ मार्च, सोमवार

खिशातून चकती काढून ट्रेमध्ये ठेवली. माझ्या किल्ल्यांच्या शेजारी. किल्ल्या सरकत जाऊन तिला चिकटल्या.

शंकासुरानं ते बघितलं. ट्रेकडे, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं, निदान ओरडायला तरी.

वाकलो. दोन रेघा. चकती आणून छातीशी धरली आणि वाकलो. एक रेघ फाटली, तिच्या दोन झाल्या, एकूण तीन. चकती दूर नेली. दोन. शाळेतल्या पोरालाही दाखवता येईल असा प्रयोग. मोठ्या चुंबकाचं क्षेत्र सगळीकडे सारखं होतं, त्यात मी खिशातला लहान चुंबक घेऊन वाकत होतो आणि फिल्मच्या अर्ध्या भागाला एक सांगत होतो, अर्ध्याला दुसरं.

मी शंकासुराला म्हणालो, तुझी परीक्षा बघत होतो. ती म्हणाली, हो सर. आणि माझ्यासाठी चहा आणायला गेली.

ती गेल्यावर एक गोष्ट लक्षात आली. मी विचारलं होतं, दुखलं का फार. हो म्हणाले होते. रोज तेच मनात होतं माझ्या. पण ते सर नव्हतेच. म्हणजे दुखलं की नाही ते मला माहीत नाही. आता कधीच कळणार नाही.

चहा आला तोवर मी रडत होतो. एसी बंद होता.

२४ मार्च, सोमवार

डायरेक्टरचा निरोप. खोली बॅटरीवाल्यांना. मोठा चुंबक शंकासुरानं मागून घेतला, तिला दुसऱ्या संस्थेत जागा मिळाली आहे, तिथे नेणार. मला वरच्या मजल्यावर बॅटरीवाल्यांकडे कोपऱ्यातलं टेबल. माणसं बरी वाटली. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुमचं काम नेमकं कशावर होतं? मी म्हणालो, थरांवर.

नवा संकल्प: बॅटरीचा अभ्यास. जूनपर्यंत त्यांच्या पुढे जाईन.

२८ मार्च, शुक्रवार

खोली रिकामी करायचा दिवस. सकाळी काकूंचा फोन. रेघेबद्दल सगळं सांगून टाकायचं आणि चकतीही परत द्यायची, असं ठरवून मी घसा साफ केला, तर त्याच आधी म्हणाल्या, स्वेटरच्या खिशात त्यांचं ते बटण सापडलं बघ, मीटिंगमध्ये फिरवत बसायचे ते. तुला हवंय का?

मी विचारलं, "काकू, प्लास्टिकचं आहे ना?"

"हो रे. का?"

मी म्हणालो, हवंय.

मग चकती कोणाची? फोन ठेवला आणि सरांच्या कपाटापाशी गेलो. दाराच्या आतल्या कडेला एक गोल खाच होती, रिकामी. चकती तिच्यात धरली. बरोबर बसली. टवका उडालेली बाजूसुद्धा खाचेतल्या ओरखड्याला जुळली. स्क्रू ड्रायव्हर तिथे मीच घातला होता.

दार लोटलं. टक. चिकटून बसलं.

चहा पिऊन झाला. मी समोर बसून राहिलो. दार जागचं हललं नाही. हळूच 'सर' म्हणून बघितलं. नळ्यांतलं पाणीही बंद केलेलं, त्यामुळे खाकरल्याचाही आवाज नाही.

हमाल आले. त्यांतला म्हातारा म्हणाला, साहेब, जुन्या कपाटांची दारं वाटेत उघडतात, दोरी बांधू का? मी म्हणालो, नको, उघडणार नाही.

चौघांनी उचललं, कॉरिडॉरमधून नेलं, जिन्याच्या वळणावर तिरकं केलं. मी मागे मागे चालत होतो. खाली गाडीत चढवेपर्यंत बघत होतो. दार एकदाही उघडलं नाही.